गोळीची साक्ष आणि तज्ज्ञाचा शब्द

१९६८ सालच्या जून महिन्याची ५ तारीख नुकतीच लागली होती. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी अँबॅसडर हॉटेलात मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटली नव्हती. कॅलिफोर्निया राज्यातील प्राथमिक निवडणूक जिंकून सिनेटर रॉबर्ट केनेडी अनुयायांसमोर चार शब्द बोलले, व्यासपीठावरून उतरले आणि जवळची वाट म्हणून स्वयंपाकघरालगतच्या अरुंद कोठीतून निघाले. वाटेत हॉटेलातील नोकरमंडळी उभी होती. केनेडी त्यांच्याशी हस्तांदोलन करीत पुढे सरकत होते. इतक्यात समोरून एक तरुण पुढे आला आणि त्याने हातातील लहानशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला. केनेडी कोसळले, त्यांच्याभोवतीचे आणखी पाच जण जखमी झाले. लोकांनी त्या तरुणाला तिथल्या पोलादी टेबलावर दाबून धरले, तरी त्याचे बोट चाप ओढीतच राहिले. सुमारे २६ तासांनंतर, ६ जूनच्या पहाटे, केनेडींनी प्राण सोडला. थोरले बंधू जॉन केनेडी यांच्या हत्येला तेव्हा पुरी पाच वर्षेही झाली नव्हती.

मारेकरी जागीच सापडला. त्याचे नाव सिरहान बिशारा सिरहान. जेरुसलेमला जन्मलेला हा २४ वर्षांचा पॅलेस्टिनी तरुण. त्याच्या हातातून हिसकावलेले रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे आले, साक्षीदार डझनांनी होते, आणि खटल्याच्या वेळी आपण केनेडींना मारले हे खुद्द आरोपीनेच कबूल केले. इतका सरळ खटला क्वचितच एखाद्या न्यायालयापुढे आला असेल, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. तरीही पुढील अर्धशतकात या खटल्यातील एका पुराव्यावर अविरत वाद झाला. तो पुरावा म्हणजे गोळ्या आणि त्या गोळ्यांविषयी तज्ज्ञाने दिलेली साक्ष. हा वाद का उद्भवला आणि तो का मिटला नाही, हे पाहिले म्हणजे तज्ज्ञाच्या शब्दाचे मोल काय आणि त्या शब्दाची मर्यादा कोणती, हे दोन्ही नीट ध्यानात येते.

गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली हे ओळखण्याची विद्या फार जुनी नाही. पिस्तुलाच्या किंवा रिव्हॉल्व्हरच्या नळीत आतून पीळ दिलेले चर पाडलेले असतात. गोळी या चरांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते आणि त्यामुळे सरळ जाते. जाता जाता तिच्या अंगावर चरांचे वळ उठतात. चर किती, किती रुंद, त्यांचा पीळ उजवा की डावा, यांवरून शस्त्राची जात कळते. एकाच कारखान्यातून एकाच नमुन्याची हजारो शस्त्रे बाहेर पडत असल्याने एवढ्याने शस्त्र निश्चित होत नाही. मात्र नळी कोरणाऱ्या हत्याराच्या धारेवरील बारीकसारीक दोष, पुढे गंज, झीज आणि साफसफाई यांमुळे प्रत्येक नळीच्या आत सूक्ष्म ओरखड्यांचे जाळे तयार होते. तेही गोळीच्या अंगावर उमटते. हे ओरखडे प्रत्येक शस्त्राचे निराळे असतात, अशी या विद्येची धारणा आहे.

तपासाची रीत त्यातूनच निघाली. संशयित शस्त्रातून पाण्यात किंवा कापसात गोळी झाडतात, ती अखंड मिळवतात आणि प्रेतातून किंवा जखमीच्या अंगातून काढलेली गोळी तिच्या शेजारी ठेवतात. दोन सूक्ष्मदर्शकांतील दृश्ये एकाच भिंगातून अर्धी अर्धी दाखवणारे तुलनादर्शी यंत्र १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वापरात आले. कॅल्विन गॉडर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा प्रसार केला. तज्ज्ञ दोन्ही गोळ्या हळूहळू फिरवतो आणि एकीवरची रेघ दुसरीवरच्या रेघेत मिळते का, हे पाहतो. रेघा पुरेशा मिळाल्या की तो म्हणतो, ‘एकच शस्त्र.’ पण पुरेशा म्हणजे किती, याला त्या काळी सर्वमान्य माप नव्हते. निर्णय तज्ज्ञाच्या नजरेवर आणि अनुभवावर सोपवलेला होता. कॅलिफोर्नियाचेच एक अभ्यासक अल्फ्रेड बियासॉटी यांनी १९५९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले होते की, निरनिराळ्या शस्त्रांतून सुटलेल्या गोळ्यांवरही काही रेघा योगायोगाने जुळतात. म्हणून सुट्या रेघा मोजून भागत नाही. एकापाठोपाठ एक अशा सलग किती रेघा जुळतात, इकडे पाहावे लागते. हा इशारा छापला जाऊन केनेडी-हत्येच्या वेळी नऊ वर्षे झाली होती.

केनेडींची शवपरीक्षा लॉस एंजेलिस परगण्याचे कॉरोनर डॉ. टॉमस नोगुची यांनी केली. जपानात जन्मलेल्या या वैद्याने केलेली ही तपासणी इतकी काटेकोर होती की पुढे वादाच्या दोन्ही बाजूंनी तिचाच आधार घेतला. केनेडींच्या देहात तीन गोळ्या शिरल्या होत्या. एक उजव्या कानामागील हाडातून मेंदूत गेली होती आणि तीच प्राणघातक ठरली. दोन उजव्या काखेजवळून पाठीमागून आत शिरल्या होत्या. त्यांतील एक छातीतून बाहेर पडली, दुसरी मानेच्या तळाशी अडकून राहिली. चौथी गोळी देहाला न शिवता कोटाच्या खांद्यातून निघून गेली होती. चारींचा मार्ग मागून पुढे, उजवीकडून डावीकडे आणि खालून वर असा होता. कानाभोवतीच्या कातडीवर जळक्या दारूचे कण रुतले होते. ते किती अंतरावरून रुतले असावेत हे ठरवण्यासाठी नोगुची यांनी डुकरांच्या कानांवर निरनिराळ्या अंतरांवरून गोळ्या झाडून पाहिल्या. नळीचे तोंड कानाच्या कडेपासून सुमारे १ इंचावर असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

वादाचे बीज येथेच पडले. बहुतेक साक्षीदारांच्या आठवणीत सिरहान केनेडींच्या समोर होता आणि त्याचे शस्त्र दीडदोन फुटांहून जवळ आलेले कोणी पाहिले नव्हते. केनेडींना हाताशी धरून नेणारा हॉटेलचा अधिकारी तर ठामपणे सांगे की, पहिल्या दोन गोळ्यांनंतर आपण सिरहानचा हात धरला होता. मग मागून, कानाशी नळी भिडवून गोळी कोणी झाडली? याला उत्तर नव्हते असे नाही. हस्तांदोलनासाठी केनेडी डावीकडे वळले होते. गर्दीत माणसे क्षणोक्षणी हलत होती. भीतीने गोठलेल्या डोळ्यांनी मोजलेले अंतर फुटपट्टीने मोजल्यासारखे धरता येत नाही. पण हा प्रश्न न्यायालयात उघडपणे विचारला जायला हवा होता. तो विचारलाच गेला नाही.

याचे कारण बचावपक्षाच्या धोरणात होते. खटला १९६९ च्या आरंभी न्यायाधीश हर्बर्ट वॉकर यांच्यापुढे चालला. सिरहानचे प्रमुख वकील ग्रँट कूपर यांनी ठरवले की, गोळ्या आरोपीनेच झाडल्या हे मान्य करून टाकावे आणि त्याची मनःस्थिती विकल होती एवढेच सिद्ध करून त्याला फाशीतून वाचवावे. साहजिकच शस्त्राच्या पुराव्यावर भांडण्यात त्यांना काही लाभ दिसेना. उलट, जखमांचे रक्तबंबाळ तपशील ज्यूरीपुढे जितके कमी येतील तितके आरोपीच्या हिताचे, असा त्यांचा हिशेब होता.

सरकारपक्षाकडून शस्त्रतज्ज्ञ म्हणून लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रयोगशाळेतील ड्वेन वुल्फर यांची साक्ष झाली. त्यांच्यापुढे तीन महत्त्वाच्या गोळ्या होत्या. केनेडींच्या मानेतून निघालेली गोळी न्यायालयात ४७ व्या क्रमांकाची निशाणी म्हणून दाखल झाली. जखमी झालेल्या एका तरुण वार्ताहराच्या अंगातून काढलेली ५२ व्या क्रमांकाची. दूरचित्रवाणी संस्थेच्या एका कर्मचाऱ्याच्या पोटातून काढलेली ५४ व्या क्रमांकाची. या तिन्ही गोळ्या सिरहानच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या असून जगातील दुसऱ्या कोणत्याही शस्त्रातून सुटलेल्या नाहीत, अशा अर्थाची साक्ष वुल्फर यांनी दिली. मेंदूत शिरलेली प्राणघातक गोळी मात्र पोकळ टोकाची असल्याने आदळताच तिचे तुकडे झाले होते. ती कोणत्या विशिष्ट शस्त्रातून सुटली हे त्या तुकड्यांवरून ठरवणे शक्य नव्हते. काडतुसाची जात तेवढी सांगता येत होती. म्हणजे ज्या गोळीने मृत्यू घडला, तिचा शस्त्राशी थेट संबंध सूक्ष्मदर्शकाखाली कधीच जुळवता आला नाही. तो जुळवला गेला इतर पुराव्याच्या आधारे.

वुल्फर यांची उलटतपासणी नाममात्र झाली. किती रेघा जुळल्या, छायाचित्रे कोठे आहेत, टिपणे कोठे आहेत, हे कोणी विचारले नाही. १७ एप्रिल १९६९ रोजी ज्यूरीने सिरहानला दोषी ठरवले आणि काही दिवसांनी देहान्ताची शिक्षा सुचवली. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील देहान्त शिक्षाच घटनाबाह्य ठरवल्याने ती जन्मठेपेत बदलली. एका माणसाचा प्राण काही वर्षे तरी या निकालाच्या दोरीला टांगलेला होता, हे विसरून चालणार नाही.

निकालानंतर दाखल झालेले कागद आणि पाकिटे लोक वाचू लागले. ५५ व्या क्रमांकाची निशाणी म्हणजे एक पाकीट होते. सिरहानच्या रिव्हॉल्व्हरमधून प्रयोगासाठी झाडलेल्या गोळ्या त्यात आहेत, असे न्यायालयाला सांगण्यात आले होते. पण पाकिटावर शस्त्राचा जो अनुक्रमांक लिहिला होता, तो सिरहानच्या शस्त्राचा नव्हताच. सिरहानच्या आयव्हर जॉन्सन बनावटीच्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक एच ५३७२५ असा होता. पाकिटावर होता एच १८६०२. हा दुसरा क्रमांक त्याच नमुन्याच्या एका वेगळ्याच रिव्हॉल्व्हरचा निघाला. मूळ शस्त्र ग्रँड ज्यूरीच्या ताब्यात गेल्यामुळे अंतर आणि आवाज यांच्या प्रयोगांसाठी पोलिसांनी आपल्या मुद्देमालातून ते दुसरे शस्त्र आणले होते. पाकिटावर चुकीचा आकडा पडला ही केवळ लेखनातली चूक, असा खुलासा पुढे करण्यात आला. तो खरा असूही शकेल. कामाच्या गर्दीत आकडा चुकणे अशक्य नाही. परंतु खुलासा तपासून पाहायला ते दुसरे रिव्हॉल्व्हर उरले नव्हते. पोलिसांनी ते नष्ट केले होते.

त्यानंतर विल्यम हार्पर पुढे आले. पॅसाडिना येथील हे वयोवृद्ध गुन्हेशास्त्रज्ञ कोणत्याही राजकीय चळवळीतले नव्हते. १९७० साली त्यांनी ४७ आणि ५४ या निशाण्यांची छायाचित्रे एका खास कॅमेऱ्याने घेतली. हा कॅमेरा गोळी फिरवीत तिच्या सबंध घेराचे चित्र एका पट्टीवर उतरवतो. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी प्रतिज्ञापत्र केले की, या दोन गोळ्या एकाच शस्त्रातून सुटल्याचे दाखवणारी कोणतीही वैयक्तिक खूण आपल्याला आढळली नाही आणि दोन्हींवरील चरांच्या पिळाचा कोनही किंचित भिन्न दिसतो. दोन नळ्या, दोन मारेकरी, असा तर्क त्यातून निघाला. १९७३ मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञाने छायाचित्रांवरून त्याला दुजोरा दिला आणि गोळ्यांच्या तळाशी असलेल्या दातेरी खाचांच्या संख्येतही फरक असल्याचे सांगितले. केनेडींच्या मागे एक खासगी सुरक्षारक्षक चालत होता, त्याच्याकडे संशयाची बोटे वळली. त्याच्याविरुद्ध कोणताही आरोप कधी न्यायालयात सिद्ध झाला नाही, तसा खटलाही झाला नाही.

गवगवा वाढला तेव्हा १९७४ मध्ये परगण्याच्या पर्यवेक्षकांपुढे सुनावणी झाली. त्या रात्री कपाळावर गोळी लागूनही वाचलेले मजूर-पुढारी पॉल श्रेड यांनी, तसेच एका मोठ्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने, पुराव्याची फेरतपासणी व्हावी म्हणून न्यायालयाकडे धाव घेतली. १९७५ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट वेंकी यांनी सात शस्त्रतज्ज्ञांचे मंडळ नेमले. निरनिराळ्या पक्षांनी सुचवलेले हे सात जण होते आणि सलग रेघांचा अभ्यास करणारे बियासॉटीही त्यांत होते. प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासणी करावी, असे ठरले. सप्टेंबर महिन्यात सिरहानच्या रिव्हॉल्व्हरमधून पुन्हा आठ गोळ्या झाडण्यात आल्या आणि ऑक्टोबरच्या आरंभी मंडळाचा अहवाल आला.

अहवालाने दोन्ही बाजूंना अर्धेच समाधान दिले. दुसरे शस्त्र वापरल्याचा कोणताही भक्कम पुरावा आपल्याला आढळला नाही, असे सातही जणांनी सांगितले. हार्पर यांना दिसलेला कोनातील फरक टिकला नाही. खाचांच्या संख्येतील फरक मुळात नव्हताच, तो छायाचित्राच्या प्रकाशाने भासवला होता. केनेडींच्या मानेतील गोळी आणि दोन जखमींच्या अंगांतील गोळ्या एकाच शस्त्रातून आल्या असाव्यात, हे मंडळातील बहुतेकांना पटले. पण त्या सिरहानच्याच शस्त्रातून सुटल्या, हे मात्र एकालाही निश्चयाने सांगता आले नाही. नळीत शिशाचे लेप बसले होते आणि प्रयोगात झाडलेल्या गोळ्यांवरचे ओरखडेही एकसारखे उमटत नव्हते. ज्या गोष्टीची ग्वाही १९६९ मध्ये जगातील इतर सर्व शस्त्रे वगळून दिली गेली, तिला १९७५ मध्ये सात जाणत्यांच्या सूक्ष्मदर्शकांचा आधार मिळाला नाही.

या दोन विधानांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. ‘हे शस्त्र नव्हे’ असे मंडळाने म्हटले नाही. ‘हेच शस्त्र, असे म्हणता येत नाही’ एवढेच म्हटले. पहिल्या विधानाने खटला कोसळला असता. दुसऱ्याने तो कोसळत नाही, कारण सिरहानला शस्त्रासह जागीच पकडले होते. परंतु साक्षीचा पहिला शब्द अधिक जपून उच्चारला गेला असता, तर दुसऱ्या शब्दाने कोणाला धक्का बसला नसता. १९७७ मध्ये विशेष वकील टॉमस क्रांझ यांनी चौकशीचा अहवाल सादर केला. सिरहानने एकट्यानेच हत्या केली, हा निष्कर्ष त्यांनी कायम ठेवला; मात्र मूळ तपासात वुल्फर यांनी पुरेशी लेखी टिपणे ठेवली नव्हती, यावर त्यांनीही बोट ठेवले.

गोळ्यांच्या मोजणीचा प्रश्न तर आणखी अवघड झाला. सिरहानच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आठच काडतुसे मावत. पोलिसांच्या हिशेबाप्रमाणे तीन गोळ्या केनेडींच्या देहात शिरल्या. कोटातून गेलेली चौथी श्रेड यांच्या कपाळावर लागली. उरलेल्या चार बाकीच्या जखमींना लागल्या, त्यांतील एक छतावर आपटून परतलेली. छातीतून बाहेर पडलेली गोळी छताच्या पोकळीत हरवली. असा आठांचा हिशेब जेमतेम जुळतो. तो इतका काठोकाठ भरलेला आहे की भिंतीत एक जरी जादा भोक निघाले तरी तो सांडतो. आणि कोठीच्या दाराच्या चौकटीत भोके दिसत होती. त्यांची छायाचित्रे घेतलेली होती, आणि १९७६ मध्ये उजेडात आलेल्या केंद्रीय तपास संस्थेच्या छायाचित्रांखाली ती गोळ्यांची भोके असल्याची नोंद होती. पोलिसांनी सांगितले की, ती गोळ्यांची नव्हेत. वाद मिटवण्याचा मार्ग सोपा होता: चौकट पुन्हा तपासावी. पण चौकटीचे लाकूड आणि छताचे फलक पोलिसांनी जून १९६९ मध्येच नष्ट केले होते. सिरहानचे अपील तेव्हा प्रलंबित होते. ही गोष्ट लोकांना कळली १९७५ साली, आणि एवढे सामान ठेवायला जागा नव्हती, असे कारण देण्यात आले.

पोलिसांनी हे कपटाने केले, असे म्हणायला आधार नाही. खटला निकालात निघाला, आता या लाकडाचा काय उपयोग, असे कोणा कार्यालयीन माणसाला वाटले असेल. पण जेथे एका राष्ट्राच्या भावी अध्यक्षपदाच्या इच्छुकाचा खून झाला, त्या खोलीची साक्ष देणारे लाकूड चुलीत गेल्यासारखे गेले, आणि त्याबरोबर प्रश्नाचे उत्तरही गेले. उरलेल्या मोकळ्या जागेत तर्काने बिऱ्हाड केले.

पुढे नव्या विद्येने या जुन्या प्रश्नाला हात घातला. पोलिसांची कागदपत्रे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य दप्तरखान्यातून लोकांसाठी खुली झाली. त्या रात्री एका वार्ताहराच्या ध्वनिमुद्रण यंत्रात गोळीबाराचा आवाज नकळत टिपला गेला होता. ती फीत २००४ नंतर अभ्यासकांच्या हाती आली. एका ध्वनितज्ज्ञाने त्यात १३ गोळ्यांचे आवाज ऐकले, म्हणजे आठ काडतुसांच्या शस्त्राला न मावणारे. तीच फीत ऐकून इतर तज्ज्ञांनी मात्र आठांहून अधिक आवाज असल्याचे नाकारले. सिरहानच्या वकिलांनी हा पुरावा न्यायालयापुढे नेला. संघ न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांची मागणी फेटाळली. एका तज्ज्ञाच्या डोळ्यांवरून सुरू झालेला वाद दुसऱ्या तज्ज्ञाच्या कानांवर येऊन थांबला.

दरम्यान खुद्द शस्त्र ओळखण्याच्या विद्येनेही आत्मपरीक्षण केले. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने न्यायसाहाय्यक विज्ञानांचा आढावा घेतला. गोळ्यांवरील ओरखड्यांच्या तुलनेतील निर्णय बव्हंशी तज्ज्ञाच्या वैयक्तिक अंदाजावर उभा असतो आणि त्यातील चुकीचे प्रमाण पुरेसे अजमावलेले नाही, असे परिषदेने स्पष्ट म्हटले. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागार मंडळानेही तशीच टीका केली. २०२३ साली मेरिलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात असा दंडक घालून दिला की, अमुक गोळी अमुकच शस्त्रातून सुटली असे बिनशर्त विधान त्या पुराव्यावर तज्ज्ञाला करता येणार नाही. या विद्येचे पुरस्कर्ते टीका सर्वस्वी मान्य करीत नाहीत, आणि अनुभवी तज्ज्ञ क्वचितच चुकतो हे दाखवणाऱ्या चाचण्या पुढे करतात. परंतु ‘जगातील दुसरे कोणतेही शस्त्र नाही’ हे शब्द आज इतक्या सहजपणे उच्चारले जात नाहीत.

भारतीय वाचकाला या प्रकरणात एक ओळखीची गोष्ट दिसेल. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या सांगण्याला ‘मत’ असेच म्हटले होते, आणि त्याच्या ५१ व्या कलमाने त्या मताची कारणेही न्यायालयापुढे येण्यास वाव दिला होता. या जुन्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली, तरी तज्ज्ञाचे सांगणे मत म्हणूनच जोखायचे, हे तत्त्व टिकून आहे. त्यामागचे शहाणपण केनेडी-खटल्यात उलट्या बाजूने दिसते. मत ऐकले गेले, कारणे विचारली गेली नाहीत. जे एका दिवसाच्या उलटतपासणीत स्पष्ट झाले असते, त्यासाठी पुढे सुनावण्या, मंडळे, अहवाल आणि पन्नास वर्षे खर्ची पडली.

सिरहान पुढे दशकानुदशके तुरुंगात राहिला. घटनेच्या वेळचे आपल्याला काही आठवत नाही, असे तो सांगत असे. २०१६ मध्ये त्याच्या सुटकेच्या सुनावणीस नव्वदीला टेकलेले पॉल श्रेड स्वतः हजर राहिले. आपल्याला सिरहानच्या गोळीने जखमी केले हे त्यांना मान्य होते. केनेडींना मारणारी गोळी मात्र त्याची नव्हे, असे ते सांगत होते. ज्याच्या कपाळावर गोळी लागली, त्यानेच गोळी झाडणाऱ्याची बाजू मांडावी, हे दृश्य विलक्षण खरे. २०२१ मध्ये सुटकेची शिफारस झाली. २०२२ च्या जानेवारीत राज्याच्या गव्हर्नरांनी ती नामंजूर केली. २०२३ मध्ये मंडळानेच सुटका नाकारली. खुद्द केनेडी कुटुंबात या प्रश्नावर दोन तट पडले. पित्याच्या मृत्यूविषयी भावंडांचे एकमत होऊ नये, यातच त्या अनुत्तरित प्रश्नाची किंमत दिसते.

डॉ. नोगुची यांनी १९८३ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. केनेडींना सिरहाननेच मारले, असे आपण कधी म्हटलेले नाही, हे त्यांनी त्यांत नमूद केले आणि अधिक नेमके काही कळेपर्यंत दुसऱ्या मारेकऱ्याची शक्यता आपण उघडी ठेवतो, असे लिहिले. हे वाक्य कित्येकांनी दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा म्हणून वापरले. वस्तुतः त्यात तसे काही नाही. आपली शवपरीक्षा जेथे संपते तेथे आपले ज्ञानही संपते, एवढेच त्या वैद्याने सांगितले आहे. शवपरीक्षा गोळीचा मार्ग आणि अंतर सांगते; चाप कोणाच्या बोटाने ओढला, हे ती सांगू शकत नाही. ज्या तज्ज्ञाने आपली सीमा अशी आखून घेतली, त्याच्या नोंदी आजही दोन्ही पक्ष विश्वासाने उघडतात. ज्याने सीमेपलीकडचे बोलून दाखवले, त्याची साक्ष खरी असण्याचा संभव मोठा असूनही ती संशयाच्या छायेतून बाहेर आली नाही.

अँबॅसडर हॉटेल आता उभे नाही. २००५-०६ मध्ये ते पाडले गेले आणि त्या जागी रॉबर्ट केनेडींच्या नावाने शाळा उभ्या राहिल्या. जेथे गोळ्या सुटल्या, त्या आवारात मुले शिकू लागली. कोठी गेली, चौकट गेली, छत गेले. दप्तरखान्यात राहिल्या त्या शिशाच्या काही वेड्यावाकड्या गोळ्या. त्यांच्या अंगावरच्या रेघा १९६८ मध्ये जेवढे सांगत होत्या तेवढेच आजही सांगतात.